1978ची पद्मिनी, कार्ब काढून इंजेक्शन : कामाच्या नोंदी

10 नोव्हेंबर 2024, रविवार

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलंय, कारण मागे ब्रेकचं काम काढलं तेव्हा कुठला वॉशर कुठला होता ते आठवेना आणि तीन वॉशर अजून डब्यात तसेच पडलेत.

गाडी आजोबांनी घेतलेली. प्रीमियर पद्मिनी, 1978, कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, 1089 सीसी, चार सिलिंडर, कागदावर 40 हॉर्सपॉवर, वर सोलेक्सचा एकच कार्ब (कार्ब्युरेटर, हवेत पेट्रोल मिसळणारा). कार्बशी माझं भांडण नाही. पण आता पंपावर बहुतेक ई20च (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं आणि त्यामुळे दोन गोष्टी झाल्यात. एक म्हणजे रबराचे पाइप आणि कार्बचं पॅकिंग वर्षभरात फुगून मऊ पडलं. दुसरी, साध्या पेट्रोलला वजनाने 14.7 पट हवा लागते, ई20 ला साधारण 13.5, म्हणजे त्याच जुन्या जेटवर (कार्बमधलं पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) गाडी आपोआप लीन चालते, हवा जास्त, पेट्रोल कमी. सकाळी खोकते, चौथ्यात खेचत नाही. त्यात उन्हाळ्यात पेट्रोल उकळायची जुनी खोड आहेच. लहानपणीच्या प्रत्येक महाबळेश्वर ट्रिपमध्ये पसरणी घाटात बॉनेट उघडं, बाबांच्या हातात ओलं फडकं, ते इंजिनाजवळच्या पेट्रोलच्या पंपाभोवती गुंडाळायचं, आणि आम्ही पोरं कठड्यावर बसून काकड्या खातोय, हे ठरलेलं.

चाचांना (आमचे मेकॅनिक, पद्मिनीच्या टॅक्सी दुरुस्त करत म्हातारे झाले) प्लॅन सांगितला, कार्ब काढायचा आणि पेट्रोल कंप्युटरच्या हुकुमावर इंजेक्टरनं फवारायचं. म्हणाले, "बेटा, जेट एक नंबर मोठा टाक, पाचशे रुपयात विषय संपला." खरंय त्यांचं. तरी करतोय, हौस आहे.

नियम एकच ठेवलाय. गाडीला नवीन भोक पाडायचं नाही, काही कापायचं नाही, एका रविवारात सगळं परत मूळच्यासारखं करता आलं पाहिजे. हे नुसतं प्रेम नाहीये. 2021 च्या व्हिंटेज गाड्यांच्या नियमात 50 वर्षं झालेली आणि चासी, बॉडी, इंजिन फारसं न बदललेली गाडी बसते, आमची 2028 ला पन्नाशीची होते. तोवर खेळून घेतो.

17 नोव्हेंबर

पार्ट जमवले. डोकं म्हणून स्पीडुइनो, म्हणजे आर्डुइनो मेगा 2560 वर चालणारा ओपन सोर्स ईसीयू (किती पेट्रोल फवारायचं ते ठरवणारा छोटा कंप्युटर), त्याच्या सेटिंगला लॅपटॉपवर ट्यूनरस्टुडिओ. थ्रॉटल बॉडी (हवेची झडप), दोन इंजेक्टर, पाण्याच्या आणि हवेच्या तापमानाचा सेन्सर हे सगळं भंगारातल्या मारुती 800 एमपीएफआयचं, म्हणजे इंजेक्शनवाल्या मॉडेलचं. मारुतीनं 2000 च्या सुमारास कार्ब सोडला त्यामुळे हे पार्ट कुठेही मिळतात आणि हरवले तरी जीव जात नाही.

चार सिलिंडरला चार इंजेक्टर करायचे तर हेडला हात लावावा लागणार, तो नियमात बसत नाही. म्हणून कार्ब जिथे बसतो त्याच फ्लँजवर अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा, त्यात तिरके दोन इंजेक्टर, वर थ्रॉटल बॉडी. भोसरीत एका मित्राच्या वर्कशॉपला कार्डबोर्डचा नमुना कापून दिलाय.

8 डिसेंबर

इंजेक्टर पुरतील का बघितलं. 40 हॉर्सपॉवर म्हणजे 30 किलोवॅट, असं इंजिन फुल रेसला किलोवॅटमागे तासाला 300 ग्रॅमच्या आसपास पितं, म्हणजे 9 किलो, म्हणजे 12 लिटर, म्हणजे मिनिटाला 200 सीसी. गच्चीवर दोन्ही इंजेक्टर 3 बारला 30 सेकंद उघडे ठेवून मोजले, एकाचं 82 एमएल दुसऱ्याचं 84. दोघं मिळून मिनिटाला 330 च्या वर, फुल रेसला साठ-बासष्ट टक्केच उघडे राहतील, भरपूर झालं. इंजेक्टरचे कॉइल 14 ओहमचे, थेट ईसीयूच्या बोर्डवर जोडता येतात. हे करताना शेजारी अग्निशामक सिलिंडर ठेवला होता, खालच्या काकूंनी वास आला म्हणून दोनदा विचारलं.

पाण्याचा सेन्सर स्वयंपाकघरात तपासला. चहाचं पातेलं, थर्मामीटर, मल्टिमीटर. 20 डिग्रीला अडीच किलोओहम, 80 ला जेमतेम 320 ओहम, हे छान जुळलं. आईनं विचारलं हे पातेलं आता कशाला वापरायचं. मी म्हटलं धुतलंय. ते पातेलं आता गॅरेजमध्ये आहे.

22 डिसेंबर

पेट्रोलचा प्रश्न. कार्बला मेकॅनिकल पंपाचं इवलंसं प्रेशर पुरतं, इंजेक्टरला 3 बार पाहिजे, आणि जास्तीचं पेट्रोल परत टाकीत न्यायला दुसरा पाइप. टाकीला भोक नको म्हणून इंजिनपाशी एक लिटरचा अ‍ॅल्युमिनियमचा डबा लावला. जुना मेकॅनिकल पंप डबा भरणार, डब्यातला इलेक्ट्रिक पंप इंजेक्टरला देणार, उरलेलं रेग्युलेटरमधून परत डब्यात. डबा ओसंडू नये म्हणून आत फ्लोट आणि नीडल. डब्याची वाफ जायची नळी एअर क्लीनरला.

डबा चाचांना दाखवला. झाकण उघडून फ्लोट बोटानं वर-खाली केला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ये तो कार्ब है." कार्बमध्येही असाच फ्लोट आणि नीडल असतो. दोन दिवस हे डोक्यातून जात नाहीये.

पाइप सगळे नवीन, जे30आर9 मार्कवाले, ई20 ला टिकणारे. महाग आहेत पण इथे पैसे वाचवायचे नाहीत. 3 बारला फुटलेला पाइप गळत नाही, फवारा मारतो, आणि खाली सायलेन्सरचा पाइप तापून लाल.

5 जानेवारी 2025

कार्ब काढला. 47 वर्षांत किती वेळा उघडला असेल कोण जाणे, एका स्क्रूच्या जागी चक्क पंख्याचा स्क्रू होता. रॉकेलनं धुऊन, पिशवीत घालून, नाव लिहून माळ्यावर ठेवला. ठोकळा बसला, एक मिलिमीटरसुद्धा इकडेतिकडे नाही, भोसरीच्या पोरांना मानलं.

अ‍ॅक्सिलरेटरच्या जोडणीत अर्धा दिवस गेला, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

एक गोष्ट मात्र मस्त जमली. मारुतीचा आयडल व्हॉल्व मी वापरत नाहीये, मग थंड इंजिनला लागणारी जास्तीची हवा कुठून आणायची? चोकची केबल मोकळीच लोंबत होती, ती थ्रॉटलच्या स्टॉपरला अशी जोडली की चोक ओढला की थ्रॉटल केसभर उघडतो. पेट्रोल ईसीयू बघतो, हवा बाबा बघतात. चोक आहे म्हटल्यावर बाबांचा अर्धा विरोध मावळला.

26 जानेवारी

वायरिंग. झेंडावंदन करून आलो ते रात्री नऊपर्यंत गाडीखाली. ईसीयू डॅशबोर्डखाली जुन्या ब्रॅकेटच्या बोल्टवर. पंपाला रिले आणि फ्यूज वेगळा. चावी फिरवली की पंप दोन सेकंद चालून थांबतो, आणि इंजिन बंद पडलं की पंप आपोआप बंद. अपघात झाला आणि पंप पेट्रोल ओततच राहिला असं व्हायला नको.

पुढच्या सायलेन्सर पाइपाची नक्कल बनवून घेतली, तिच्यावर ऑक्सिजन सेन्सरचा नट वेल्ड केला, मूळ पाइप माळ्यावर. सेन्सर बॉशचा एलएसयू 4.9. त्याचा हीटर बंद ठेवून इंजिन चालवायचं नाही, काजळीनं मरतो.

माळा भरत चाललाय.

16 फेब्रुवारी

सुरू झाली!! तिसऱ्या स्टार्टरला. बाबा, चाचा, आई, वरच्या मजल्यावरचे दोघं, सगळे हजर. दीड मिनिट छान चालली, मग काळा धूर, मग बंद. एका फेऱ्यात किती वेळा फवारायचं तो आकडा मी दुप्पट टाकला होता, प्लग काढले तर ओले चिंब. आकडा सुधारला, प्लग वाळवले, परत सुरू.

मग खरी डोकेदुखी. 2200 आरपीएमच्या वर गेलं की धाडकन बंद, लॅपटॉपवर आरपीएम 900 वरून 6500 वर उडी मारतंय. ईसीयूला वेग कळावा म्हणून डेल्कोच्या (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरच्या) पॉइंटवरून ऑप्टोकप्लरमार्फत (उजेडानं सिग्नल पोचवणारी चिप) सिग्नल घेतलाय, आणि प्लगच्या वायरी जुन्या, नुसत्या तांब्याच्या. प्रत्येक ठिणगी म्हणजे छोटा रेडिओ स्टेशन, आर्डुइनो बिचारा सगळंच ऐकतोय. त्या रात्री रेझिस्टन्सवाल्या वायरी आणि रेझिस्टर प्लग मागवले. सिग्नलच्या वायरीची शील्ड मी दोन्ही टोकांना अर्थ केली होती ती एकाच टोकाला ठेवली, ईसीयूचा अर्थ बॉडीवरून काढून थेट बॅटरीला नेला. आठवड्यानं लावलं सगळं, उडी गेली. यातलं नेमकं कशानं गेलं ते सांगता येत नाही कारण तिन्ही एकदम केलं, असं करू नये हे मलाही माहिती आहे.

9 मार्च

दोन आजार एकाच वेळी, आणि दोन्हीचा इंजेक्शनशी काही संबंध नाही.

पहिला: गाडी अर्धा तास फिरवली तरी पाणी 55 डिग्रीच्या वर जाईना, त्यामुळे ईसीयूला वाटतं इंजिन थंडच आहे आणि तो जास्तीचं पेट्रोल देतच राहतो. सेन्सर बदलून पाहिला, वायर पाहिली, शेवटी थर्मोस्टॅटचं (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणाऱ्या व्हॉल्वचं) घर उघडलं तर आत थर्मोस्टॅटच नाही. कुणीतरी वीस-तीस वर्षांपूर्वी "गाडी गरम होते" म्हणून काढून फेकलेला. आपल्याकडे निम्म्या जुन्या गाड्यांचं हेच झालेलं असतं. कार्ब तक्रार करत नव्हता म्हणून कळलंही नाही. नवीन टाकला, दहा मिनिटांत 82.

दुसरा: रात्री हेडलाइट लावला की आयडलला गाडी लीन होऊन थरथरायला लागते. डायनामो. आयडलला तो जवळजवळ काहीच देत नाही, पूर्वी चालून जायचं, आता पंप, ईसीयू, सेन्सरचा हीटर सगळं बॅटरीवर, व्होल्टेज 11.3. व्होल्टेज पडलं की इंजेक्टर उशिरा उघडतो आणि त्या उशिराचा वेळ आयडलच्या दोन-अडीच मिलिसेकंदाच्या फवाऱ्यात फार मोठा असतो. ईसीयूमध्ये त्याचा तक्ता असतो, तो नीट भरला, थोडा फरक पडला. पण खरं औषध म्हणजे अल्टरनेटर, तोही मारुतीचा, डायनामोच्याच बोल्टवर पट्टी लावून. आता आयडलला लाइट लावून 13.9. डायनामो आणि कट-आउट? माळ्यावर.

30 मार्च, गुढीपाडवा

नारळ फोडला, आणि पहिल्यांदा सोसायटीबाहेर. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन बाजूला, गाडी बाबा चालवतायत, सिंहगड रोडवरून खडकवासल्यापर्यंत. मी म्हणतोय बाबा तिसऱ्यात 40 वर धरून ठेवा, ते म्हणतात अरे पुढे म्हैस आहे. तरी ईसीयूमधल्या पेट्रोलच्या 16 बाय 16 च्या तक्त्यातले मधले बरेचसे चौकोन भरले. लॅम्डा (ऑक्सिजन सेन्सरचा आकडा: 1 म्हणजे हवा-पेट्रोल नेमकं, खाली गेला की पेट्रोल जास्त, वर गेला की हवा जास्त) आयडलला आणि सरळ रस्त्यावर 1 च्या जवळ, फुल रेसला 0.87. चौथ्यात 30 वरून उचलते, आधी तिसरा टाकावाच लागायचा.

पीयूसीपण काढली. या वयाच्या गाडीला आयडलचा सीओ (कार्बन मोनॉक्साइड) 3 टक्क्यांपर्यंत चालतो, गेल्या वर्षी 2.6 होता, आता 0.6. मशीनवाल्यानं नळी परत घालून पुन्हा मोजलं.

20 एप्रिल

महाबळेश्वर. सकाळी निघायला हवं होतं, निघालो साडेदहाला. खंबाटकी मस्त चढली, वाईत मिसळ खाल्ली, गाडी उन्हात. पसरणी घाटाच्या तिसऱ्या वळणाला लॅम्डा 1.05, मग 1.15, मग 1.25, गाडी ठेचकाळायला लागली आणि बंद. चावी फिरवल्यावर पंपाचा आवाज नेहमीसारखा घुंई नाही, दगड दळल्यासारखा. डब्यावर तापमानाची गन धरली, 61 डिग्री. झाकणाशी कान नेला तर आत चहा उकळल्यासारखं बुडबुड.

उभ्या उभ्या हिशोब केला आणि स्वतःचीच लाज वाटली. पंप तासाला साठ-सत्तर लिटर फिरवतो, इंजिन घाटातसुद्धा पाच-सहा लिटरच पितं, बाकीचं सगळं परत डब्यात. तेच तेच लिटरभर पेट्रोल तापल्या इंजिनशेजारी गोल गोल फिरतंय, वर पंपाची स्वतःची उष्णता. मोठ्या टाकीत हे पेट्रोल निवलं असतं. भोक पाडायचं नाही या हट्टापायी मी गाडीत छोटा गीझर बसवला होता.

बाबा काही बोलले नाहीत. मागच्या सीटवरून बिसलेरी आणली, खांद्यावरचा नॅपकिन भिजवला, डब्याला दोन वेढे दिले, आणि कठड्यावर जाऊन बसले. वीस मिनिटांत गाडी सुरू. पाचगणीपर्यंत तीन वेळा नॅपकिन भिजवला.

चाचांना फोन केला नाही.

11 मे

भोक आता पाडावंच लागणार, पण आमच्या टाकीला नाही. कुर्ल्याला गेलो, कपाडिया नगरच्या भंगाराच्या गल्लीत. 30 ऑक्टोबर 2023 ला मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 20 वर्षांच्या मर्यादेमुळे रस्त्यावरून उतरली, त्यामुळे पार्टचा पूर असेल असं मला वाटत होतं. तसं काही नाही, सगळं कधीच वितळलंय. चौथ्या दुकानात टाकी मिळाली, गंजलेली, तळाशी पोचा, पैसे भरपूर सांगितले आणि मी दिले. गाडी कुर्ल्याची, टाकी पण कुर्ल्याची.

टाकी धुणं हे एक स्वतंत्र काम आहे. मूठभर नट आत टाकून हलवली, मग सायट्रिक अ‍ॅसिड म्हणजे आपलं लिंबूसत्त्व गरम पाण्यात घालून रात्रभर, मग सोड्याच्या पाण्यानं, मग चार दिवस उन्हात तोंड उघडं ठेवून. वेल्डिंगवाला तरीही हात लावेना, आणि बरोबरच होतं त्याचं, रिकाम्या टाकीतली वाफ हीच बॉम्ब असते. शेवटी कापायच्या रेघेच्या बोटभर खालपर्यंत पाणी भरून दिली तेव्हा त्यानं वरून गोल कापून मारुतीच्या पंपाची रिंग बसवली, परतीची नळीही तिथेच.

18 मे

टाकी बसली. पंप आता टाकीच्या आत, परतीचा पाइप जुन्या पाइपाच्याच क्लिपांत शेजारी सरकवून मागे नेला, एकही नवीन स्क्रू नाही. डबा काढला. मेकॅनिकल पंप काढून तिथे ब्लँकिंग प्लेट, म्हणजे त्याचं भोक झाकणारी पट्टी. पंप सोडताना त्याच्या पायाशी अडकलेला कापडाचा काळा तुकडा निघाला, कडक झालेला. कुठल्या वर्षीच्या कुठल्या घाटातला असेल. टाकला नाही, पंपाबरोबर पिशवीत घातला.

उन्हाची चाचणी मात्र राहिली. आठवड्यानं मे महिन्यातच पाऊस आला, घाट गारेगार, तिथे कुठलीही गाडी चढेल.

12 ऑक्टोबर

ऑक्टोबर हीट म्हणून मुद्दाम दुपारी निघालो. परत वाई, परत मिसळ, परत गाडी तासभर उन्हात. चावी दिली की इंजिन बंद असताना हवेचा दाब दिसतो तो लिहीत गेलो: घरी 95 केपीए (किलोपास्कल), वाईला 93, पाचगणीला 87, महाबळेश्वरला 86. कार्बला हे कळत नाही, वर गेलं की मिक्स्चर रिच (पेट्रोल जास्त) होत जातं. इथे लॅम्डा घरासमोर जेवढा होता तेवढाच वेण्णा तळ्यापाशी.

पसरणीत बाबांनी तिसऱ्या वळणाला उगाचच गाडी थांबवली. बॉनेट उघडलं. फडक्यासाठी काहीच नव्हतं तिथे, डबा नाही पंप नाही. दोन मिनिटं बघत उभे राहिले, मग म्हणाले, "चल, काकड्या तरी घेऊ." ओला करून आणलेला नॅपकिन काकड्या पुसायला वापरला.

अ‍ॅव्हरेज जाऊन-येऊन 14.1, कार्बवर याच रस्त्याला साडेबाराच्या वर कधी मिळालं नाही. झालेल्या खर्चाच्या मानानं हे वसूल व्हायला पुढची दोन जन्मं लागतील, घरात आकडा सांगितलेला नाही.

चाचांचा संध्याकाळी फोन. घाट चढली का विचारलं नाही. एका गिऱ्हाइकाला सोलेक्सची नीडल हवी आहे, तुझ्याकडचा कार्ब नुसता पडलाय ना, म्हणे. दिला नाही.

बाकी: ब्लँकिंग प्लेटमधून तेल झिरपतंय, पॅकिंग परत कापायचंय, यावेळी जाड कागदाचं. थंडीत सकाळी रेस केली की क्षणभर अडखळते, वॉर्मअपचा तक्ता डिसेंबरात बघू.